उद्याच्या दिवसाची वाट पाहू नकोस

वसई, 24 ऑगस्ट

प्रिय बाय,

तुझं पत्र परवा मिळालं. आईला लिहितेस त्यापेक्षा मला मोकळेपणाने लिहितेस, म्हणून मीही आडपडदा न ठेवता लिहिते. खोडाळ्याच्या पलीकडची शाळा, दिवसातून मोजक्याच एसट्या, फोनला रेंज नाही, रविवारी मिस्सा मिळत नाही, हे सगळं मला कळतं. जव्हारच्या शाळेत मीही उमेदीची वर्षं काढली आहेत. पण तू लिहिलंस की खोलीतल्या कॅलेंडरवर रोज रात्री एकेक काट मारतेस, आणि बदली झाली की तुझं आयुष्य सुरू होईल. ते वाचून मी अस्वस्थ झाले.

बदलीचा अर्ज जरूर कर, त्यात गैर काही नाही. पण तोवरचे दिवस स्टँडवर बसून गाडीची वाट पाहावी तसे काढू नकोस. देवाने तुला आयुष्य दिलं ते बदलीनंतरचं नव्हे, आज सकाळी फळ्यासमोर उभी राहिलीस तेच.

व्हिएतनामचे बिशप फ्रान्सिस झेवियर न्गुएन व्हान थुआन यांच्याविषयी तुला मागे सांगितलं होतं की नाही, आठवत नाही. 15 ऑगस्ट 1975 रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशीच, त्यांना अटक झाली. तेरा वर्षं ते कैदेत होते, त्यातली नऊ एकांतवासात. सुटका कधी, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. अटक झाल्यावर काही दिवसांतच त्यांनी ठरवलं की आपण सुटकेची वाट बघत बसायचं नाही. हातात आहे तो क्षण प्रेमाने भरून टाकायचा. मग जुन्या कॅलेंडरची पानं मागवून त्यांच्या पाठीमागे ते आपल्या लोकांसाठी रात्री चिंतनं लिहू लागले. एक लहान मुलगा ती पानं घरी पोचवायचा आणि त्याची भावंडं ती उतरवून काढायची. पुढे पोटाचं औषध म्हणून घरच्यांनी पाठवलेल्या द्राक्षारसाचे तीन थेंब आणि पाण्याचा एक थेंब तळहातावर घेऊन ते मिस्सा अर्पण करत. तुला मिस्सा मिळत नाही म्हणून दुःख आहे ना, तेव्हा तो तळहात डोळ्यांपुढे आण.

आता तू म्हणशील, बिशपांची गोष्ट वेगळी. खरं आहे. आणि या शिकवणीत एक धोकाही आहे, तो आधी सांगते. उद्याची काळजी करू नका, हे डोंगरावरच्या प्रवचनातलं येशूचं सांगणं भरल्या पोटी दुसऱ्याला ऐकवणं सोपं असतं. तुझ्या पाड्यावर ते कुणाला ऐकवू नकोस. तुमच्या मोखाडा तालुक्यात पावसाळ्यात आभाळ फाटतं, मध्य वैतरणा धरण याच तालुक्यात आहे, त्याचं पाणी मुंबईला जातं, आणि एप्रिल-मे आला की इथल्याच बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघत बसतात. 1992 साली जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली, तेव्हा सगळा महाराष्ट्र हादरला होता. ज्या आईने ते पाहिलं तिची उद्याची काळजी म्हणजे श्रद्धेची उणीव नव्हे. रेव्हरंड टिळकांचंच बघ. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेला हा मोठा कवी आणि मोठा भक्त, पण हातात आलेला पैसा दुसऱ्याला देऊन मोकळा व्हायचा, आणि संध्याकाळी चुलीत काय घालायचं हा प्रश्न त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला यायचा. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण खूप हसतो, पण मला दरवेळी त्या माउलीचीच बाजू घ्यावीशी वाटते. आपल्या निश्चिंतीची किंमत दुसऱ्याने मोजावी, हे येशूला अभिप्रेत नसावं.

मग अभिप्रेत काय आहे? मला त्याचं उत्तर बायबलातल्या निर्गमच्या सोळाव्या अध्यायात सापडतं. अरण्यात इस्राएल लोकांच्या पोटासाठी आभाळातून मान्ना पडायचा, तो ज्याने त्याने रोज आपल्या गरजेपुरता वेचायचा. भीतीने उद्यासाठी दडवून ठेवला त्याच्यात किडे पडले. पण सहाव्या दिवशी मात्र दुप्पट वेचायला देवानेच सांगितलं, कारण सातवा विश्रांतीचा. आणि तो साठवलेला नासला नाही. म्हणजे तजवीज देवाला चालते. तुझ्या शेजारचा शेतकरी पाऊस यायच्या कितीतरी आधी पालापाचोळा, शेण पसरून राब भाजतो, ते उद्यासाठीच. पण भाजायचं काम त्या दिवसाचं असतं, आणि ते झालं की तो रात्री झोपतो. मान्नाच्या गोष्टीत आणखी एक आहे, ते आपण विसरतो. ज्याने जास्त वेचलं त्याचं उरलं नाही आणि ज्याने कमी वेचलं त्याला कमी पडलं नाही. आजच्यापुरतं घेणारा माणूस दुसऱ्याच्या वाटणीचं ठेवतो. मला तर वाटतं, आजच्या दिवसातला आनंद तिथूनच येतो.

तुझ्या शाळेत हे फार उघड दिसतं. भात-नागलीची कापणी झाली, दिवाळी सरली, की भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर कुटुंबंच्या कुटुंबं निघतात. उचल आधीच घेतलेली असते. आपल्या वसईत उठलेल्या कितीतरी इमारतींच्या विटा त्याच हातांच्या आहेत. त्यांच्याबरोबर तुझी मुलंही जातील. तिथे ‘हे पुढच्या महिन्यात शिकवू’ म्हणता येत नाही, कारण पुढच्या महिन्यात तो मुलगा समोर नसतो. आज त्याला वजाबाकी आली, तर ती त्याची झाली.

तुझ्या पत्रातली ती मुलगी माझ्या मनातून जात नाही. धाकट्या भावाला कडेवर घेऊन येते, त्याला दाराशी बसवते आणि एक डोळा त्याच्यावर ठेवून पाढे म्हणते. एका सकाळी गवताच्या काडीने नांग्या बांधलेला खेकडा घेऊन ती तुझ्या टेबलापाशी आली, तेव्हा तू ‘नंतर बघू’ म्हणून फळ्याकडे वळलीस. बाय, ओढ्यातल्या दगडाखाली हात घालून तिने तो धरला असणार. घरी त्याचं कालवण झालं असतं. तो तिने बाईंसाठी आणला. तुला बोल लावत नाही, वर्गात हजार कामं असतात. पण ख्रिस्त आपल्याला कुठे भेटतो असं तू विचारलंस ना, तो त्या वेळी टेबलापाशी उभा होता असं मी श्रद्धेने सांगते.

आणि तू तिथे धर्म शिकवायला गेलेली नाहीस, मुलं शिकवायला गेली आहेस, हे पक्कं ध्यानात ठेव. उलट तुलाच शिकण्यासारखं पुष्कळ आहे. वारल्यांकडे पहिल्या पावसात उगवलेली कोळीची भाजी देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालत नाहीत. रानात फुकट उगवलेल्या पाल्याचेही आभार मानतात. आपण जेवणाआधी घाईघाईत क्रूसाची खूण करतो, त्यात एवढं भान असतं का?

इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या सोबत्यांना रोजच्या आत्मपरीक्षणाची सवय लावली होती. तीच तुला सुचवते. निजण्याआधी सकाळपासूनचा दिवस सावकाश आठव. जे मिळालं त्याचे आभार मान, कुठे आपण चुकलो ते देवापाशी बोल, आणि कॅलेंडरच्या त्या चौकोनात काट न मारता त्या दिवशी नीट भेटलेल्या एका मुलाचं नाव लिही. दिवस वाईट गेला असेल तरीही लिही. आनंद लगेच येईल असं वचन मी देत नाही. जव्हारला मला त्यासाठी पहिला अख्खा पावसाळा लागला.

सध्या तिथे तेरडा फुलला असेल. काळजी करू नका म्हणताना येशूने पाखरांकडे आणि रानातल्या फुलांकडे बघायलाही सांगितलं आहे, तेव्हा शाळा सुटल्यावर थोडी चाल.

मागे राहणाऱ्या मुलांच्या हंगामी वसतिगृहाचं आणि भट्टीवर जाणाऱ्या मुलांच्या शिक्षण हमी कार्डांचं काम दिवाळीवर टाकू नकोस. आईबाप घरी आहेत तोवर संध्याकाळी पाड्यावर जाऊन बोल. त्या मुलीच्या घरी पहिल्यांदा जा. तिच्या भावाला सांभाळणारं कुणी मिळालं तर ती मागे राहू शकेल का, ते मला कळव. थंडीसाठी गोधडी पाठवते आहे, सोबत मुलांसाठी रंगीत खडूही.

तुझी,
आत्या