'बॉल'ला जातो म्हणजे कुठे जातो?

प्रश्न : माझा भाचा परवा उल्हासनगरच्या गजानन मार्केटातून टिकल्यांचं काळं कापड घेऊन आला. मुंबईत 'बॉल' आहे आणि त्यात तो 'वॉक' करणार आहे म्हणे. मी विचारलं, नाच का? तर म्हणाला, "मावशी, नाचही आणि निषेधही." नाचून निषेध कसा होतो? आणि आपल्याकडे असलं काही पूर्वी होतं का?
— एक वाचक, बदलापूर

उत्तर : भाच्याने नेमकं सांगितलं. सिनेमात साहेबलोक जोडीने गिरक्या घेतात तो बॉलरूम नाच वेगळा. हा बॉलरूम, म्हणजे सजूनधजून चालण्या-नाचण्याच्या स्पर्धांचा रिवाज, न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो क्वीअर माणसांनी उभा केला.

त्याच्या आजच्या रूपाची सुरुवात एका अपमानातून झाली. १९६७ साली न्यूयॉर्कमध्ये स्त्रीवेशातल्या कलावंतांची सौंदर्यस्पर्धा भरली होती. मुकुट गोऱ्या स्पर्धकाला गेला. क्रिस्टल लाबेजा ही कृष्णवर्णीय स्पर्धक निकालात लबाडी आहे असं म्हणत मंच सोडून गेली. तिचा तो संताप 'द क्वीन' या १९६८च्या माहितीपटात आजही पाहता येतो. पुढच्या काही वर्षांत तिने आपल्या लोकांसाठी वेगळे बॉल भरवायला घेतले आणि स्वतःचं 'हाउस' काढलं. तिथे स्पर्धक आपले, प्रेक्षक आपले आणि परीक्षकही आपलेच. निषेध आहे तो इथे. आम्ही देखणे आहोत की नाही, हे ठरवायला आता तुमची गरज नाही, असं त्यांनी जगाला सांगितलं.

'हाउस' म्हणजे घराबाहेर काढलेल्या पोरांचं घर. तिथे एक 'मदर' असते. ती नाच शिकवते, पोटाला घालते, चुकलं तर रागावते. एड्सच्या साथीत रक्ताच्या नात्यांनी पाठ फिरवली तेव्हा अनेकांची शुश्रूषा याच घरांनी केली.

'व्होगिंग' तुम्ही भाच्याच्या फोनवर पाहिलं असेल. 'व्होग' या फॅशन मासिकातल्या बायकांसारखं ठसक्यात उभं राहण्यातून ते निघालं. त्यात हातांची झरझर वळणं असतात, उकिडवं बसून चालणं असतं आणि शेवटी पाठीवर झोकून देणं. १९९०मध्ये मॅडोनाच्या गाण्याने ते जगभर नेलं.

मला मात्र 'रिअलनेस' हा प्रकार सर्वांत जिव्हारी लागतो. कचेरीतला साहेब, सैनिक, शाळकरी मुलगा असं काहीतरी होऊन चालायचं, आणि इतकं हुबेहूब की रस्त्यावर कुणाला शंका येऊ नये. बाहेर शंका आली तर मार बसायचा. म्हणजे ती बक्षिसासाठीची चाल होती, तशीच धडपणे घरी पोचण्याची तालीमही होती. बदलापूर सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर. रात्रीच्या लोकलमध्ये चढण्याआधी फलाटावर काजळ पुसून घेणाऱ्या मुलाला ही तालीम कुणी शिकवावी लागत नाही.

आता आपल्याकडचं. हिजडा समाजातली घराणी आणि गुरू-चेल्याचं नातं हार्लेमच्या 'हाउस'पेक्षा कितीतरी जुनं आहे. बाईच्या वेशात, बाईच्या नजाकतीने नाचणारे पुरुषही मराठी मंचाला नवे नाहीत. पण तमाशातल्या नाच्याचं बघा. गणपत पाटलांनी चित्रपटांत ती भूमिका गाजवली, आणि त्याच भूमिकेपायी त्यांना आयुष्यभर टोमणे ऐकावे लागले. नाच्या दुसऱ्यांच्या हसण्यासाठी उभा असे, त्याच्या देखणेपणाला गुण द्यायला त्याच्यासारखं कुणी समोर बसलेलं नसे. बॉलरूमशी नातं जोडताना हा फरक मी विसरू देणार नाही.

तो फरक बुजवणारं काम इथे झालं आहे. अभिना आहेर यांनी २००९ साली मुंबईत 'डान्सिंग क्वीन्स' हा ट्रान्सजेंडर कलावंतांचा संच सुरू केला. मंचावर नाचायचं आणि त्याच मंचावरून आपल्या हक्कांबद्दल बोलायचं, ही त्यांची रीत. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून सोडवलं. २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, आणि ६ सप्टेंबर २०१८ला त्याच न्यायालयाने कलम ३७७मधला तो डाग अखेर पुसला. मधल्या काळात अशा कलावंताने सजूनधजून, खरं नाव सांगून दिव्यांखाली उभं राहणं याला मी निषेधच म्हणेन, हातात फलक नसला तरी.

तेव्हा मावशी, भाच्याच्या कापडाला अस्तर नीट लावून द्या, पाठीवर पडताना टिकल्या फार टोचतात. जमलं तर स्वतः बॉलला जा. तिथे गप्प बसायचं नसतं, ओरडून दाद द्यायची असते. आणि परतीच्या लोकलमध्ये त्याच्या शेजारी बसा.