लसीनंतरची कैफियत आणि तिची शहानिशा

लस टोचून घेतल्यावर ताप आला, दंड सुजला, डोके दिवसभर जड राहिले, अशी कैफियत सांगणाऱ्या रुग्णांचे म्हणणे कितपत ग्राह्य धरावे, असा प्रश्न वाचकांकडून वारंवार येतो. रुग्णाला जे जाणवले ते खरे मानावे आणि त्याची नोंद अगत्याने करावी. परंतु ते लसीमुळेच झाले काय, आणि शंभरांतील किती जणांना होते, या दोन प्रश्नांचा निकाल केवळ आलेल्या तक्रारींची बेरीज मांडून देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

असे का म्हणतो, ते फिनलंडमधील एका संशोधनावरून ध्यानात येईल. हेइक्की पेल्टोला आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात ५८१ जुळ्या जोड्या घेतल्या होत्या. प्रत्येक जोडीतील एका बालकाला आधी गोवर, गालगुंड व रुबेला यांची एकत्रित लस आणि दुसऱ्याला लसीचा अंश नसलेले द्रव टोचले. तीन आठवड्यांनी हाच क्रम उलटा केला. आणि कोणाला कोणत्या वेळी काय टोचले, हे आईबापांपासून गुप्त ठेवून त्यांच्याकडूनच लक्षणांच्या नोंदी घेतल्या. एकाच घरातील, एकाच वयाच्या, एकाच आईच्या नजरेखालील दोन मुलांची अशी तुलना दुर्मीळच म्हणावी लागेल. तक्रारी दोन्ही बाजूंनी आल्या. सर्दीखोकला व मळमळ यांच्या तक्रारी तर लस न टोचलेल्या वेळी अधिक आल्या. आणि खरोखर लसीकडे बोट दाखवता येईल अशा त्रासाचे प्रमाण शेकडा ०.५ ते ४ यांच्या दरम्यान निघाले. त्या माता खोटे बोलत नव्हत्या. लहान मूल त्या वयात आजारी पडतच असते, आणि लक्ष ठेवायला सांगितले म्हणजे एरवी नजरेतून सुटणारी शिंकही वहीत उतरते.

प्रौढांचीही स्थिती याहून निराळी नाही. करोनाच्या लसींच्या १२ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण २०२२ साली प्रसिद्ध झाले, त्यात लसीऐवजी निष्क्रिय द्रव मिळालेल्यांपैकीही शेकडा ३५ जणांनी पहिल्या मात्रेनंतर डोकेदुखी, थकवा यांसारखा सार्वदेहिक त्रास सांगितला. प्रत्यक्ष लस घेतलेल्यांत हेच प्रमाण पहिल्या मात्रेनंतर ४६ आणि दुसऱ्या मात्रेनंतर ६१ होते. तेव्हा लसीचा स्वतःचा वाटाही आहेच, आणि तो कोणी नाकारू नये. मात्र त्रास होणार या अपेक्षेचा वाटाही लहान नाही, आणि दोन्ही वेगळे काढण्यास तुलनेचा गट लागतोच.

याउलट, या तक्रारींना क्षुल्लक लेखणाऱ्यांचाही मी तितकाच निषेध करतो. अमेरिकेत १९९० पासून असे एक नोंदणी दप्तर चालू आहे की ज्यात डॉक्टर, आईबाप, किंबहुना कोणीही तक्रार रुजू करू शकतो. १९९८ साली परवाना मिळालेल्या रोटाव्हायरसच्या एका लसीनंतर आतड्याचा भाग आतड्यातच शिरून अडथळा झाल्याच्या अवघ्या १५ तक्रारी जुलै १९९९ पर्यंत तेथे आल्या. लगोलग ती लस देणे थांबवले गेले, पद्धतशीर तपासात धोका खरा ठरला, आणि ऑक्टोबरात ती बाजारातून मागे घेण्यात आली. सुमारे दहा हजारांत एक असा हा दुर्मीळ अपाय होता. त्या पंधरा कैफियती दप्तरात आल्या नसत्या, तर तपासास इतक्या लवकर प्रारंभच झाला नसता.

आमच्याकडे मला सर्वांत अधिक घोटाळा आढळतो तो कालगणनेचा. पंचसंयुक्त (पेंटाव्हॅलेंट) लसीचा ताप बहुधा पहिल्या एकदोन दिवसांतच येतो; गोवर-रुबेला लसीचा ताप व अंगावरचे पुरळ मात्र साधारणतः सातव्या ते बाराव्या दिवसाच्या सुमारास उद्भवते. त्यामुळे गोवराच्या लसीनंतर दुसऱ्याच दिवशी आलेल्या, बहुधा अन्य संसर्गाच्या तापाचे खापर लसीवर फुटते, आणि आठवड्याने आलेला लसीचा खरा ताप, सुई विस्मरणात गेल्यामुळे, कोणी सांगतच नाही. त्यात महिनोन्महिने लोटले की स्मृती ऐकलेल्या वार्तेनुसार वळण घेते. ब्रिटनमध्ये गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या एकत्रित लसीचा स्वमग्नतेशी संबंध असल्याचा गवगवा झाल्यानंतर निदान झालेल्या मुलांच्या पालकांना, लक्षणांचा आरंभ लसीच्या लगतच झाल्याचे आधीच्या पालकांपेक्षा अधिक वेळा आठवू लागले होते, असे २००२ च्या एका अभ्यासात दिसून आले.

म्हणून माझी विनंती अशी की, लसीकरणाच्या कार्डावरच तारीख, वेळ आणि कोणती लस हे लिहून घ्यावे. ताप हाताने न अजमावता तापमापकाने मोजून आकडा लिहावा. घरात आणखी कोणी आजारी होते काय, दुसरे औषध चालू होते काय, हेही त्याच दिवशी नमूद करावे. टोचल्यानंतर अर्धा तास केंद्रातच थांबावे. श्वास लागणे, चेहरा सुजणे, झटके येणे, शुद्ध हरपणे यांपैकी काहीही दिसल्यास लिहीत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे. अन्य त्रास आशाताईंना, नर्सबाईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगावा. कारणाविषयी शंका असली तरी सांगावा, कारण गंभीर प्रकरणांत कारणमीमांसा करण्यासाठी तज्ज्ञांच्या समित्या नेमलेल्या आहेत आणि तो भार तुमच्यावर नाही. औषधे व लसी यांच्या दुष्परिणामांची माहिती नागरिकांना स्वतःही कळवता येते. त्यासाठी भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १८००-१८०-३०२४ हा आहे.