नवजात बाळाचे जन्मजात कवच : जंतुनाशक पेप्टाइडे आणि सेप्सिस

वऱ्हाडातील अनेक घरांत बाळ जन्मताच त्याच्या अंगावरील पांढरा, स्निग्ध थर घासून धुण्याची आणि आईचा पहिला पिवळसर चीक पिळून टाकून मधाचे बोट चाटविण्याची रीत होती. ती अद्याप पुरती सुटलेली नाही. हेतू मायेचाच असतो. परंतु त्यामुळे बाळाचे कोणते संरक्षण आपण नकळत काढून घेतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

जंतुसंसर्ग झाल्यावर शरीराचा प्रतिकारच बेताल होऊन मेंदू, हृदय, मूत्रपिंड यांना इजा करू लागतो, त्या अवस्थेस सेप्सिस म्हणतात. नवजात बाळाची प्रतिकारयंत्रणा अपक्व असते. अशा वेळी त्याच्या पहिल्या शस्त्रांपैकी एक म्हणजे जंतुनाशक पेप्टाइडे, अर्थात अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्या. ३७ आम्लांचे ‘एलएल-३७’ हे त्यांपैकी एक. अशी पेप्टाइडे पांढऱ्या रक्तपेशींत, त्वचेत, त्या स्निग्ध थरात व आईच्या दुधात आढळतात. जिवाणूच्या आवरणावर ऋण विद्युतभार असतो, पेप्टाइडांवर धन. म्हणून ती जिवाणूस चिकटतात व त्याचे आवरण भेदतात. शिवाय काही जिवाणू मरताना जे विष सुटते, तेही एलएल-३७ बांधून ठेवते आणि दाहाचा भडका आवरते, असे प्रयोगांत दिसले आहे.

मग हीच पेप्टाइडे टोचून सेप्सिस बरा का करीत नाहीत? रक्तातील विकरे त्यांना लवकर तोडतात आणि मात्रा वाढविल्यास आपल्याच पेशींना अपाय होतो. तात्पर्य, हे कवच दारावरचे राखणदार आहे. शत्रू घरात शिरल्यावर प्रतिजैविकांवाचून गत्यंतर नाही.

याची साक्ष विदर्भातच आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना नवजात बाळाची घरोघर काळजी घेण्याचे व सेप्सिस ओळखून इंजेक्शन देण्याचे शिक्षण दिले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथे सेप्सिस झालेल्या बाळांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. तेथे उपकरणे मोठी नव्हती; वेळेवर ओळख आणि वेळेवर औषध, एवढेच होते.

मेळघाटातील पाडा असो वा अकोल्यातील वस्ती, आपल्या हाती तीन गोष्टी आहेत. पहिल्या तासात चीक पाजावा. पहिली अंघोळ चोवीस तास लांबवावी व तो थर घासू नये. आणि बाळाने दूध ओढणे सोडले, रडणे क्षीण झाले, अंग गार वा सैल पडले, छाती आत ओढली जाऊ लागली, तर अंगारा-धुपारा न करता तत्काळ दवाखाना गाठावा.

निसर्गाने दिलेले राखावे आणि विज्ञानाने दिलेले वेळेवर वापरावे. शिकलेल्या प्रत्येकाने हे निदान आपल्या एका घरी तरी पोहोचवावे.