लहान वीज-यंत्रांची पावसाळी ठेवण

कल्याण, भिवंडी व मुरबाड या बाजूच्या बागाईतदारांच्या पडवींत आतां विजेचें ड्रिल, ग्राइंडर, बॅटरीचा फवारणीपंप अशीं लहान यंत्रें दिसूं लागलीं आहेत. भातलावणीच्या घाईंत तीं कोपऱ्यांत पडून राहतात, व दिवाळीनंतर काढावीं तों गंजलेलीं आढळतात. हें टाळणें अवघड नाहीं.

गंजाचें मूळ हवेंतील ओल. ती थंड लोखंडावर निवते व वरील धूळ तिला धरून ठेवते. मीठ किंवा रासायनिक खत जवळ असल्यास गंज अधिक त्वरेनें चढतो. सबब यंत्र खताच्या खोलींत ठेवूं नये. ओल शोषणाऱ्या गोणपाटांतही गुंडाळूं नये. प्रथम प्लग काढून धूळ झाडावी, मग ड्रिलच्या जबड्यास तेलाचा पातळ हात द्यावा. मोटारींत मात्र तेल जाऊं देऊं नये. ग्राइंडरची चकती काढून कोरड्या जागीं सपाट ठेवावी. चीर गेलेली चकती फिरतांना फुटून प्राणावर बेतते; ती टाकूनच द्यावी.

सर्व बॅटऱ्यांस एकच नियम लागू नाहीं. लिथियमची बॅटरी यंत्रांतून काढून सुमारें निम्मी भरून ठेवावी. शिसें-आम्लाची पूर्ण भरून ठेवावी व दर महिन्यास पुनः भरावी. पत्र्याखालचा ताप दोहींसही सोसत नाहीं.

२००५ सालीं २६ जुलैच्या अतिवृष्टींत उल्हास नदीचें पाणी कल्याण व बदलापूर येथील घरांत शिरलें होतें. म्हणून फळी पुराच्या खुणेहून उंच व बाहेरच्या भिंतीपासून सुटी असावी. बुडालेलें यंत्र कारागिराकडून उघडवून, वाळवून व तपासून घेतल्यावांचून विजेस जोडूं नये. धक्का बसण्याचें भय असतें.