यंदा बोडी फोडू नका

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात बऱ्याच शेतकऱ्यांच्या जमिनीत एखादी बोडी, म्हणजे लहान तळं, असते. मालगुजारी पद्धत गेली तेव्हा मोठे तलाव सरकारकडे गेले, खासगी बोड्या शेतकऱ्यांकडे राहिल्या. पुढे त्यांतल्या कितीतरी बोड्यांची पाळ फोडून धानाच्या बांध्या काढल्या गेल्या. चार पोती धान वाढलं असेल. पण हस्त नक्षत्र कोरडं गेलं की उशिरा निघणाऱ्या भारी धानाला शेवटचं पाणी द्यायला जवळ काही उरलं नाही. हा व्यवहार तोट्याचाच आहे.

तुमची बोडी अजून शाबूत असेल, तर मृगाआधीचे हे दिवस तिच्यासाठी राखा. पहिलं काम बेशरम ही झुडपी वनस्पती काढण्याचं. ती कापून भागत नाही. ओल्या मातीत पडलेल्या तुकड्यालाही मुळं फुटतात. मुळासकट उपटा आणि पाण्यापासून लांब, तापलेल्या मुरमावर कडकडीत वाळू द्या.

गाळ काढताना जेसीबीवाल्याच्या हाती सगळं सोपवू नका. त्याला सरळ भिंतीचा चौकोनी खड्डा सोपा पडतो, आणि तिथेच बोडी मरते. मध्यभागी खोल करा, पण निदान एका बाजूला उतरता काठ ठेवा. पाणकावळा खोल पाण्यात बुडी मारेल. बगळे, पाणलावे, बदकं आणि माशांची पिल्लं यांना गुडघ्याखालचं उथळ पाणीच लागतं. तळाची चिकण माती फोडून मुरमापर्यंत गेलात, तर पाणी टिकणार नाही. काठाचा वरचा गाळ बाजूला ठेवून काम संपल्यावर पुन्हा तिथेच पसरा. त्यात देवधानाचं बी असतं, कमळाचे कंद असतात; पाऊस पडला की ते आपोआप उगवतात. उरलेला गाळ बांधीत टाका, खताचा खर्च हलका होईल.

मासे सोडायचे असतील तर रोहू, कटला चालतील. थाई मांगूर मात्र सोडूच नका. त्यावर बंदी आहे आणि मरळ, शिंगीसारखे गावचे मासे तो फस्त करतो. फवारणीचा पंप बोडीत धुऊ नका. काठाला गवताचा पट्टा राहू द्या, म्हणजे बांधीतलं औषध थेट पाण्यात उतरणार नाही.

गोंदिया-भंडाऱ्यात सारस पावसाळ्यात बोडीच्या काठी किंवा थेट धानात घरटं करतो. बहुधा 2 अंडी असतात, आणि ती महिनाभर उबवावी लागतात. तेवढे दिवस घरट्याभोवतीची निंदणी, फवारणी थांबवा आणि कुत्री लांब ठेवा. तुडवलं जातं ते थोडंसंच धान.

पाणपक्षी आले की सरकार जमीन घेईल, ही भीती गावोगाव ऐकू येते. 2017 च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येत भातशेती आणि खास सिंचनासाठी बांधलेली तळी धरलेलीच नाहीत. बोडी तुमचीच राहते.

धान निघाल्यावर तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, पूर्ण उघडू नका. उथळ काठावर थोडं पाणी जानेवारीपर्यंत राहिलं, तर थंडीतली बदकं उतरतील आणि गुरांनाही प्यायला मिळेल.