बोरीबंदरची वास्तू

मुंबईतील बोरीबंदर हे नाव भारतीय रेल्वेच्या इतिहासात अमर झाले आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी येथूनच उतारूंची पहिली आगगाडी ठाण्यास निघाली. पुढे आगगाडीचा पसारा वाढला, तेव्हा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीने याच परिसरात भव्य स्थानक व कचेरी उभारण्याचे ठरविले. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या स्थापत्यविशारदाने आराखडा तयार केला. १८७८ साली कामास प्रारंभ झाला व ते पुरे होण्यास सुमारे दहा वर्षे लागली. राणीच्या नावावरून स्थानकास ‘व्हिक्टोरिया टर्मिनस’ असे नाव देण्यात आले.

टोकदार कमानी, निमुळते मनोरे आणि रंगीत काचांच्या खिडक्या ही युरोपातील गॉथिक शैलीची लक्षणे येथे दिसतात. तथापि ही वास्तू म्हणजे निव्वळ विलायती नक्कल नव्हे. तिच्या दगडांत मोर, माकडे आणि पाने-फुले कोरलेली आहेत. या कोरीव कामात मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेतील विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता. प्रवेशद्वाराच्या एका खांबावर इंग्लंडचा सिंह, तर दुसऱ्यावर भारताचा वाघ बसला आहे.

परकीय सत्तेचे वैभव मिरविणारी ही वास्तू स्वतंत्र भारताने का जतन करावी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. स्वातंत्र्यानंतर दर्शनी भागातील राणीचा पुतळा हलविण्यात आला. १९९६ साली स्थानकास छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. वास्तू मात्र राखली गेली, आणि ते योग्यच झाले. सत्ता परक्यांची होती, पण घाम आणि हस्तकौशल्य येथील लोकांचे होते. ती वास्तू पाडणे म्हणजे त्या अनाम कारागिरांची स्मृती पुसून टाकणे होय.

परंतु जतन करणे सोपे नाही. समुद्राचे खारे वारे व शहराचा धूर यांनी मऊ दगड झिजतो. सांध्यांत रुजलेले पिंपळाचे रोप हळूहळू भिंत फोडते. कधी कधी दुरुस्तीच अपाय करते. जुन्या भिंतीतील चुना ओल बाहेर जाऊ देतो. त्यावर सिमेंट थापले, की ओल आतच कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. म्हणून जाणकार अशा भिंतींची दुरुस्ती चुन्यानेच करतात.

१९९५ साली मुंबईतील वारसावास्तूंच्या रक्षणासाठी नियम करण्यात आले. २००४ साली युनेस्कोने या स्थानकास जागतिक वारशाचा मान दिला. आजही लाखो उतारूंची येथून ये-जा चालते. नियम वास्तूला पाडण्यापासून वाचवू शकतात. पण तिच्या भिंतीवर न थुंकण्याची, तिच्या दगडावर नाव न कोरण्याची दक्षता ज्याची त्यानेच घ्यावी लागते.

स्वाध्याय

१. ही वास्तू विलायती नक्कल नव्हे, असे का म्हटले आहे?
२. जुन्या भिंतीस सिमेंट अपायकारक का ठरते?
३. तुमच्या गावातील एखाद्या जुन्या वास्तूची माहिती मिळवून लिहा.