शेपटीची गाडी

दशक्रियेहून घरी आल्यावर पहिला प्रश्न वरच्या मजल्यावरच्या काकांनी विचारला. "हेल्मेट होतं ना?" होतं. पट्टाही लावलेला होता. पुढच्या वर्षभरात हा प्रश्न इतक्या तोंडांतून आला की 'होतं' हे उत्तर प्रस्तुत लेखक 'नमस्कार'च्या सुरात देऊ लागला. विचारणाऱ्याला खरं तर उत्तर नको असतं. गेलेल्याची एखादी चूक सापडली, की आपल्या पोराच्या हातात किल्ली देताना बरं वाटतं, एवढंच.

'मी' लिहायला घेतलं की पान भावावरच अडकतं, म्हणून इथे 'प्रस्तुत लेखक'. अपघात कसा झाला ते या लेखात येणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

काकांसाठी मात्र आकडे द्यायला हवेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशभरात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली. त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची. हेल्मेट नसल्याची नोंद झालेले मृत्यू ५०,०२९. वजाबाकी ढोबळ आहे, पण उरलेल्या हजारो घरांतही कुणी ना कुणी काका जाऊन तोच प्रश्न विचारून आले असतील.

लेखकाची स्वतःची दीडशे सीसीची गाडी त्यानंतर चौदा महिने ताडपत्रीखाली उभी राहिली. आईचं म्हणणं, विकून टाक. मित्रांचं म्हणणं, पडलेल्याने ताबडतोब पुन्हा गाडीवर बसायचं असतं, नाहीतर भीती कायमची घर करते. पडला होता दुसराच कुणी, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. शेवटी निर्णय झाला तो शिफ्टमुळे. पहाटे साडेपाचला चाकणला पोचायचं तर किती दिवस कुणाच्या मागे बसून जाणार?

इथे पहिली चूक झाली, आणि ती लेखकाची. सोसायटीच्या गेटपासून दुधाच्या डेअरीपर्यंत चार दिवस गाडी चालवल्यावर तो एका रायडिंग ग्रुपच्या पावसाळी राइडला 'हो' म्हणाला. ताम्हिणी. जुलैतला रविवार. अकरा गाड्या. ग्रुपचा म्होरक्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "भीती घालवायची तर घाटातच घालवायची. एकदा उतरलास की संपलं." आणि त्याने लेखकाला रांगेच्या अगदी शेवटी ठेवलं. "निवांत ये मागून."

पौड गेलं, मुळशी धरणाचं पाणी उजवीकडे लागलं, सुटलं. पुढच्या गाड्यांचे लाल दिवे धुक्यात एकेक करून विझत गेले. उतारावरच्या एका उजव्या वळणावर समोरून एसटी आली, आपल्या वाटणीचा रस्ता घेऊन वर थोडा आमचाही घेऊन. लेखकाची नजर डावीकडच्या कठड्यावर गेली आणि तिथेच खिळली. गाडी वळणाचं नाव काढेना. हँडल जणू कुणीतरी दुसऱ्याने धरलं होतं. पायाने मागचा ब्रेक दाबला, मागचं चाक ओल्यावर सरकलं आणि गाडी कठड्याच्या अलीकडे, गटारातल्या चिखलात हातभर अंतर राखून थांबली. एसटी निघून गेली. तिच्या चालकाला काही कळलंही नसेल.

क्लचवरची बोटं उघडेनात. ती एकेक करून दुसऱ्या हाताने सोडवावी लागली. रस्त्याकडेला कणसं भाजणारी एक बाई उठून आली, प्लास्टिकची खुर्ची सरकवली, "बसा दादा" म्हणाली आणि पाण्याची बाटली हातात दिली. काही विचारलं नाही. हेल्मेटचंही नाही.

लेखक तिथे चाळीस मिनिटं बसला. या वेळात एकही गाडी परत आली नाही, फोन वाजला नाही. पुढे हॉटेलात मंडळींची मिसळ संपत आली होती. म्होरक्याने मान वर करून विचारलं, "काय रे, फोटो काढत बसलास का?" ग्रुपवर फोटो तेवढ्यात येऊनही गेला होता. खाली ओळ होती, 'सगळे सुखरूप पोचलो'. फोटोत दहा जण होते.

तो फोटो पाहताना एक गोष्ट लख्ख कळली. त्या दिवशी त्या रस्त्यावर वळण, ओल, एसटी, कठडा या सगळ्याकडे कुणाचं लक्ष होतं? लेखकाच्या भीतीचं. जे तिला हाकलायला निघाले होते त्यांना अकरापर्यंत मोजताही आलं नव्हतं.

म्हणून इतरांसाठी पहिली सूचना: समूहात जायचंच असेल तर सर्वांत कच्च्या चालकाची जागा दुसरी असते, लीडच्या पाठोपाठ. लीड आरशात बघून त्याच्या वेगाने सगळी रांग चालवतो. शेवटी 'स्वीप' असतो, म्हणजे सर्वांत मुरलेला चालक, जो कुणालाही मागे टाकून पुढे जात नाही. "निवांत ये मागून" म्हणणारा माणूस तुमची काळजी घेत नसतो, स्वतःचा वेग सांभाळत असतो. तिथूनच परत फिरा. लोक काय म्हणायचं ते म्हणतील. ते तसंही म्हणतातच.

दुसरी सूचना शास्त्राची आहे, आणि ती म्होरक्याने वाचली असती तर बरं झालं असतं. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५८ च्या आपल्या पुस्तकात भीतीवरच्या उपचाराची पायऱ्यापायऱ्यांची पद्धत मांडली. भीतीच्या गोष्टींची चढती यादी करायची, सर्वांत सोप्या गोष्टीपासून सुरुवात करायची, आणि एका पायरीवर मन शांत झाल्याशिवाय पुढची चढायची नाही. एकदम खोल पाण्यात ढकलण्याचा मार्गही मानसोपचारात आहे, पण तो जाणकाराच्या देखरेखीखालचा. मिसळीच्या वाटेवर करायचा तो नव्हे.

लेखकाने मग यादी केली. पहिला आठवडा: नुसतं बसायचं, इंजिन चालू करायचं, बंद करायचं. हसू येतं, पण तिसऱ्या दिवसापर्यंत तळहाताला घाम येत होता. दुसरा आठवडा गल्ली. त्यानंतर रविवारी सकाळी रिकामं मैदान, ताशी वीसच्या वेगाने इंग्रजी आठचा आकडा, आणि नजर चाकापुढे न ठेवता वळणाच्या पलीकडच्या टोकावर. जिथे नजर तिथे गाडी, हे ताम्हिणीत उलट्या बाजूने शिकून झालंच होतं. महामार्ग चौथ्या महिन्यात. पाऊस त्यानंतर. ज्या रस्त्यावर भाऊ गेला तो रस्ता यादीत आजही शेवटचा आहे आणि त्यापुढे खूण केलेली नाही.

मैदानावर सर्वाधिक वेळ गेला तो पुढच्या ब्रेकवर. ब्रेक लावला की वजन पुढे येतं, पुढच्या टायरची पकड वाढते, त्यामुळे गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. तो हळूहळू दाब वाढवत दाबायचा असतो, झटक्याने नाही. आपल्याकडे मात्र गाडी शिकवताना पहिलं वाक्य असतं, "पुढचा ब्रेक दाबू नको, उलटशील." हे वाक्य प्रस्तुत लेखकानेही एका मुलाला शाळेच्या मैदानावर शिकवलं होतं. त्यावर इथे इतकंच.

वेगाचं गणितही पाठ करा. ताशी ६० म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त. दचकून हात ब्रेकपर्यंत जायला एक सेकंद लागला, तर तेवढ्यात चार मोटारींच्या लांबीइतकं अंतर गेलं, आणि ब्रेक अजून लागायचाच आहे. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचं अंतर चौपट होतं. घाबरलेल्या माणसाचा सेकंद जरा लांब असतो, हे त्यात धरा.

उभ्या राहिलेल्या गाडीबद्दल: चौदा महिन्यांत बॅटरी मेली होती, कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचा चिकटा बसला होता, ब्रेक ऑइलने दमट हवेतलं पाणी ओढलं होतं. हे सगळं मेकॅनिकने सांगितलं. टायरचं त्याने सांगितलं नाही, "चालतील अजून" म्हणाला. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो. ३४१२ म्हणजे २०१२ चा चौतिसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडतं. ताम्हिणीत ज्या चाकाने दगा दिला त्याच्यावर हाच शिक्का होता, आणि लेखकाने तो घरी आल्यावर वाचला. पुढे ती गाडी विकली आणि एबीएसवाली घेतली. १२५ सीसीच्या वरच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस एप्रिल २०१९ पासून सक्तीचं आहे. जुनी घेत असाल तर आहे की नाही ते स्वतः बघा. हेल्मेट आयएसआय खुणेचं घ्या, आणि एकदा आपटलेलं पुन्हा घालू नका, वरून कितीही चांगलं दिसो.

आता कागद. हा परिच्छेद कंटाळवाणा वाटला तरी वाचा, कारण सर्वांत जास्त संताप याच जागी आहे. भाऊ चालवत होता ती गाडी वडिलांच्या नावावर होती, आणि वडील त्याच्या सहा वर्षं आधी गेले होते. एजंट दरवर्षी फोन करून विमा नूतनीकरण करून द्यायचा, पंधरा लाखांच्या वैयक्तिक अपघात विम्याच्या हप्त्यासकट. ते संरक्षण 'मालक-चालक' अशा एकाच माणसासाठी असतं: आरसीवर ज्याचं नाव, तोच परवान्यासह चालवत असेल तर. हप्ता घेताना बाबा हयात होते, क्लेम गेला तेव्हा वारलेले निघाले. एजंट म्हणाला, "मला कसं कळणार?" तेराव्याला जेवून गेला होता.

तेव्हा घरातल्या कर्त्या माणसाच्या नावावर गाडी असेल आणि तो गेला, तर ३० दिवसांत आरटीओला कळवा आणि तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करा. मग विमाही त्या नावावर घ्या. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर मागे बसणाऱ्यालाही त्यातून काही मिळत नाही, सर्वसमावेशक पॉलिसीत मिळतं. दोन्हींतला फरक हप्ता भरण्याआधी विचारा. नुकसानभरपाईचा दावा लावायचा असल्यास वकिलाकडे लवकर जा. कायद्यातल्या दुरुस्तीने दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली, ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. दुःखाला मुदत नसते वगैरे वाक्यं कचेरीत चालत नाहीत.

म्होरक्याने पुढे एक पुस्तक भेट दिलं, 'घोस्ट रायडर'. कॅनडाचे ड्रमवादक नील पिअर्ट यांची १९९७ च्या ऑगस्टमध्ये मुलगी मोटार अपघातात गेली, दहा महिन्यांनी पत्नी कॅन्सरने. त्यानंतर ते मोटरसायकलवर ५५ हजार मैल फिरले. पुस्तक खरोखर चांगलं आहे. मात्र पिअर्ट आपल्या मर्जीने निघाले आणि आपल्या वेगाने गेले. त्यांना कुणी शेपटीला ठेवलं नव्हतं.

लेखकाला जवळचे वाटतात ते मुंबईचे दादाराव बिल्होरे. २०१५ च्या जुलैत जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर पाण्याने भरलेल्या खड्ड्याने त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा प्रकाश नेला. तो चुलत भावाच्या मागे बसला होता. तेव्हापासून बिल्होरे स्वतःच्या हातांनी खड्डे बुजवत आले आहेत. भीती घालवा असा उपदेश ते कुणाला करत बसले नाहीत. त्यांनी खडी उचलली.

बाकी नेहमीच्या गोष्टी आहेतच. झोप पुरी करा, पहिल्या पावसात तेल आणि माती मिसळून रस्ता निसरडा होतो तेव्हा थांबा, मोबाइल खिशात ठेवा. छातीत धडधड, झोप उडणं महिनोनमहिने चाललं तर डॉक्टरांना भेटा. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. आईला विचारून निघा, असं मात्र लेखक सांगणार नाही. ती अजूनही गाडीचा आवाज लांब जाईपर्यंत गॅलरीत उभी असते, आणि त्यावर त्याच्याकडे उपाय नाही.

गेल्या आठवड्यात ग्रुपवर पुन्हा ताम्हिणीचा बेत आला. चौदा नावं. लेखकाने ग्रुप सोडलेला नाही, नावही दिलेलं नाही. यादीत शेवटी एक नवं पोरगं आहे, बहुतेक विशीतलं. त्याला खाजगीत मेसेज करून विचारलं, तुला रांगेत कितवं ठेवलंय? उत्तर आलं, "शेवटी. का हो दादा?"

लेखकाने फोन लावला.